कर्लीच्या खाडीत कयाकवरून गरवणं : पहिल्या हंगामाच्या नोंदी

2 ऑक्टोबर 2024, बुधवार

कयाक, म्हणजे एकटीने वल्हवायची प्लास्टिकची छोटी नाव, घरी आली. बँकेला सुट्टी होती म्हणून ह्यांनी गाडीच्या टपावर बांधून ती देवबागला आणून दिली. साडेदहा फूट लांब, 31 इंच रुंद, वजन 26 किलो. वर उघडी बसायच्या प्रकारातली आहे, पाय आत खुपसायच्या प्रकारातली नव्हे. ज्यांच्याकडून घेतली ते तिच्यातून दोन हंगाम पर्यटकांना फिरवत होते. बावीस हजार मोजले. नवी घ्यायची ऐपत नव्हती, आणि शिकायला नवी लागतही नाही.

माझं माहेर देवबागात खाडीच्या अंगाला. पुढच्या दाराने रस्ता ओलांडला की समुद्र, मागच्या दाराने माडांतून उतरलं की कर्ली. नोकरी कुडाळला, त्यामुळे हे सगळं होणार ते रविवारी. लहानपणी बाबांच्या होडीत नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, बसून मी गरवलंय, म्हणजे गरीने (गळाने) मासे धरलेत, पण वल्हं कधी माझ्या हातात आलं नाही. आमच्यात मासे मारायचे पुरुषांनी, विकायचे बायकांनी. कालवं आणि तिसऱ्या (शिंपल्या) काढायच्या त्याही बायकांनीच, कंबरभर पाण्यात वाकून. मला स्वतः वल्हवत जाऊन स्वतःच्या गरीला मासा घ्यायचा आहे. काय केलं, कुठे चुकलं, ते इथे लिहून ठेवते. माझ्यामागून कुणी उतरली तर तिला उपयोग होईल.

काका बराच वेळ कयाकभोवती फिरले. मग म्हणाले, "काय गो बाय, हेका उलांडी खंय आसा?" आपली होडी अरुंद, म्हणून तिला बाजूला लाकडाची उलांडी बांधून तोल देतात. हिचा तळच रुंद आणि बसायची जागा खाली, म्हणून उलांडी नाही, असं मी सांगितलं. काकांनी एका हाताने काठ दाबून बघितला, ती सहज कलली. ते काही बोलले नाहीत.

6 ऑक्टोबर, रविवार

आज फक्त गळती शोधली. जुनी कयाक घेणाऱ्याने हे पहिलं करावं.

तळाला आरपार भोकं असतात. बसायची जागा पाण्याच्या पातळीच्या वर असते, त्यामुळे लाटेचं पाणी वर आलं तरी त्या भोकांतून खाली निघून जातं. मात्र कयाक वाळूवरून, कातळावरून ओढली की घासली जाते ती ह्याच भोकांच्या कडेला. तिथे बारीक चीर गेली तर पाणी पोकळ पोटात शिरतं आणि वर बसणाऱ्याला कळत नाही. ते आतल्या आत एका अंगाला धावतं, आणि कयाक कलंडते तेव्हाच समजतं.

दोन बाकांवर कयाक आडवी ठेवली, बुचाच्या भोकातून आत तीन बादल्या पाणी ओतलं आणि खालून कोरड्या फडक्याने पुसत बसले. बैठकीखालच्या डाव्या भोकाच्या कडेला थेंब धरला. चीर नखाएवढीच, पण होती.

ह्या प्लास्टिकला डिंक, इपॉक्सी काही धरत नाही. तात्पुरतं चिकटल्यासारखं वाटतं आणि उन्हात सुटतं. त्याच जातीचं प्लास्टिक वितळवून भरावं लागतं. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या सांधणारा कारागीर मालवणहून बोलावला. त्याने टाकीच्या तुकड्याची काडी करून चीर वितळवून भरली, अर्ध्या तासात काम, चारशे रुपये. पुन्हा पाणी भरून तासभर ठेवलं. थेंब नाही.

20 ऑक्टोबर, रविवार

आजचा दिवस मुद्दाम बुडण्यासाठी ठेवला होता. छातीएवढ्या पाण्यात, घरामागच्या उतारावर, काका किनाऱ्यावर उभे.

पोहता मला येतं. मात्र पोहता येणं आणि पाण्यातून पुन्हा कयाकवर चढणं ह्यांचा एकमेकांशी फार कमी संबंध आहे. पहिल्या पाच वेळा मी हातांच्या जोरावर अंग वर ओढायला गेले आणि दर वेळी कयाक माझ्याच अंगावर उलटली. मग जमलं ते असं: कयाक उपडी असेल तर पलीकडचा काठ धरून, तळावर पोट टेकवून, मागे वजन टाकत आधी ती सुलटी करायची. मग बैठकीच्या शेजारी यायचं, दोन्ही हात आडवे टाकायचे आणि पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागावर आणून जोरात मारायचे, पोहताना मारतो तसे. पाय खाली लोंबत राहिले तर ते कयाकच्या खाली जातात आणि तुम्ही लटकत राहता. पाय मारून पोट आडवं कयाकवर आलं की थांबायचं, श्वास घ्यायचा. मग पाठीवर वळून ढुंगण बैठकीत, आणि पाय सगळ्यांत शेवटी आत.

एकूण चौदा वेळा उलटले. शेवटच्या चार वेळा पहिल्याच प्रयत्नात चढले. अंगात तरंगजाकीट होतं. ते सैल असेल तर पाण्यात वर सरकून हनुवटीला लागतं, म्हणून बाजूचे पट्टे बसल्यावर पुन्हा ओढून घ्यायचे. जाकिटाला शिट्टी बांधली.

रात्री दोन्ही दंड हलत नव्हते.

27 ऑक्टोबर, रविवार

जोडकाम. भाजीचा प्लास्टिकचा क्रेट बैठकीमागे बांधला, त्याला दीड इंची पीव्हीसी नळीचे दोन तुकडे तिरके जखडले, त्यात रॉड उभे राहतात. रॉड सात फुटी, मध्यम ताकदीचा, रीळ 4000 मापाचं, त्यावर 20 पौंडी विणलेली दोरी, पुढे गरीच्या बाजूला हातभर 30 पौंडी नायलॉनचा जाड तुकडा, म्हणजे लीडर. ह्याहून जड काही खाडीत लागू नये असा माझा अंदाज.

वल्हं, पक्कड, चाकू, पाण्याची बाटली, सगळं दोरीने बांधलं. जे बांधलं नाही ते खाडीचं, असं समजायचं. दीड किलोचा घडीचा नांगर आणि पंधरा मीटर दोर घेतला. दोराची कडी बैठकीच्या उजव्या हाताला बसवली, हाताशी राहावी म्हणून.

10 नोव्हेंबर, रविवार

काकांनी भरतीचं गणित सांगितलं. मोबाइलवर तक्ता मिळतो हे मी त्यांना दाखवलं, त्यांनी तो पाहिला आणि म्हणाले, "बरो आसा. पण आज तीथ कितवी?" नवमी. "नवाची पाऊणपट कर." पावणेसात. तक्त्यातली वेळ काही मिनिटांनी वेगळी, बस.

इतकं साधं आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, जो आकडा येतो त्या तासाला भरती पूर्ण. पुनवेला आणि अमावास्येला सव्वाअकरा, अष्टमीला सहा. सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, त्यानंतर सहा तासांनी. रोज साधारण पाऊण तास पुढे. चंद्र रोज तेवढाच उशिरा उगवतो, म्हणून हे जुळतं. खाडीत जसजसं वर जावं तसतशी भरती आणखी उशिरा पोचते, कारण पाण्याला तिथवर चढायला वेळ लागतो. तेवढं मनात धरायचं.

दुसरी गोष्ट भांग आणि उधाण. पुनव-अमावास्येच्या आसपास उधाण, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, म्हणून ओढही जास्त. अष्टमी-नवमीला भांग, पाणी जेमतेम हलतं. आपल्याकडे मुंबईएवढी मोठी भरती येत नाही. तरी खाडीचं तोंड चिंचोळं असलं की थोडं पाणीही जोरात पळतं. शिकणारीने भांगाचे दिवस धरावेत, हे काकांचं म्हणणं. आज नवमी होती म्हणूनच त्यांनी जाऊ दिलं.

साडेसहाला निघाले. दव पडलं होतं, मतलई वारा जमिनीकडून हळू येत होता. कांदळाच्या, म्हणजे खारफुटीच्या, कडेने अर्धा किलोमीटर गेले असेन. रबराच्या माशाची जिग, म्हणजे वजन जोडलेली गरी, टाकली. तिसऱ्या फेकीला ओढ लागली, वर आलं ते अर्धंच रबर, शेपूट सफाईने कापलेली. पुन्हा तेच. चौथ्या वेळी चोर वर आला: केंड. पोट फुगवून चेंडू झालेला. त्याचे दात एकमेकांना जुळून चोचीसारखे असतात, दोरीसुद्धा कापतात. विषारी, खायचा नाही, पकडीनेच गरी काढून सोडला. केंड आले की जागा बदलावी, रबर संपेपर्यंत हट्ट करू नये.

जागा बदलली आणि शेंगटी लागली. मी पहिल्या माशाच्या आनंदात तिला हातात धरायला गेले. पाठीचा काटा अंगठ्याच्या बुडाशी घुसला. शेंगटीच्या पाठीवर एक आणि दोन्ही कल्ल्यांमागे एकेक असे तीन काटे असतात, त्यांना विष असतं. मनगटापर्यंत ठणका गेला. एका हाताने वल्हवत परत आले. काकीने गरम पाण्यात हात बुडवून ठेवायला लावला, सोसेल तेवढं गरम, पाऊण तास. उष्णतेने ते विष निकामी होतं आणि ठणका खरोखर उतरला. सुजेसाठी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं.

मासा एकही घरी आला नाही.

17 नोव्हेंबर, रविवार

पुनव होऊन दोनच दिवस झालेत, उधाण आहे. पाण्यात गेले नाही.

त्याऐवजी खाडीत जाळी लावणाऱ्यांकडे गेले. कुणाची जाळी कुठे, कुठून कुठवर दोर, हे विचारून घेतलं. गावात आधी बोलल्याशिवाय खाडीत नवं काही घेऊन उतरू नये, मी गावची लेक असले तरी. एकाने स्पष्ट सांगितलं, "आमच्या जाळ्यात तुजी गरी अडाकली तर दोरी काप, जाळा कापू नको." बरोबर आहे. जाळं त्यांचं पोट आहे.

गप्पांत बंदीचा विषय निघाला. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात बंदी, ती माशांच्या विणीसाठी. बिनइंजिनाच्या होड्यांना ती लागू नाही, मग कयाकला तरी कशी लागेल. पण पावसाळ्यात खाडीला येणारा लोट बघितला की कायद्याचा प्रश्नच उरत नाही. नारळी पुनवेआधी मी उतरणार नाही. आणि मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं सागरी अभयारण्य, 1987 पासूनचं, 29.12 चौरस किलोमीटरचं, तिकडे गरी घेऊन जायचं नाही हेही ठरवून टाकलं.

24 नोव्हेंबर, रविवार

वद्य नवमी, पुन्हा भांग. आज रबर घरी ठेवलं. काकांच्या पागातली (फेकायच्या जाळ्यातली) जिवंत सुंगटं, म्हणजे कोळंबी, डब्यात घेतली, लहान गरी, एक शिसाची गोळी. कांदळाच्या मुळांपासून दोन हात अंतरावर नांगर टाकून नुसती बसले.

पहिला अर्धा तास काही नाही. मग दोरीला टिचकी मारल्यासारखं झालं. काळुंदर. तळव्याएवढं, पण कयाकवरून घेतलेला पहिला मासा. त्यानंतर आणखी चार. एक बोटभर होतं ते सोडलं. गरीचा उलटा काटा पकडीने दाबून टाकला आहे, त्यामुळे सोडायचा मासा पटकन सुटतो, आणि बोटात गेली तर तीही सुटते.

कयाकचा फायदा आज कळला. होडीत लाकडावर वल्हं आपटतं, इंजिनाचं तर बोलायलाच नको. इथे मी मुळांजवळ इतकी गप्प बसले होते की खंड्या समोरच्या फांदीवर येऊन दोनदा सूर मारून गेला. पाणी अंगाच्या इतकं जवळ आहे की माशाची सावली आधी दिसते आणि ओढ नंतर लागते.

काकीने काळुंदरं तव्यावर भाजली. सगळ्यांना एकेक आलं.

15 डिसेंबर, रविवार

हे नीट लिहायला हवं.

आज पुनव. काकांनी सकाळी सांगितलं होतं, "बाराक पाणी सुटतला. अकराक घराकडे ये." मी हो म्हटलं होतं. मागचे दोन रविवार बरे गेले होते, आणि आपल्याला खाडी कळते असं मला वाटू लागलं होतं.

साडेआठला निघाले. खाली, खाडी समुद्राला मिळते त्या संगमाच्या दिशेला कुरव पक्षी पाण्यावर तुटून पडत होते, म्हणजे खाली पेडव्यांचा थवा आणि त्यांच्यामागे मोठा मासा. भरतीचं पाणी समोरून येत होतं, म्हणून तिकडे जायला फार कष्ट पडले. दहा वाजले तरी मी अर्ध्या वाटेवर. अकराच्या सुमारास पाणी मंदावलं आणि वल्हं एकदम हलकं झालं. तेच मला फसवून गेलं. जाणं सोपं झालं म्हणजे वेळ चांगली आली, असं मी धरलं. खरं तर पाणी थांबलं होतं ते फिरण्यासाठी.

नकली मासा मागे ओढत संगमापाशी पोचले. पावणेबाराला टोळ मासा लागला, हातभर लांब, पाण्याबाहेर उड्या मारत. त्याला सोडवण्यात, फोटो काढण्यात वीस मिनिटं गेली. मान वर केली तेव्हा पलीकडच्या भोगवे गावाच्या बाजूचा डोंगर जिथे असायला हवा तिथे नव्हता. मी समुद्राकडे सरकले होते.

सुकती लागली होती, उधाणाची. आणि त्याच वेळी खारा वारा उठला, वायव्येकडून. पाणी बाहेर जातंय आणि वारा आत येतोय, अशी गाठ पडली की लाट आखूड आणि उभी होते. तोंडावर जिथे वाळूचा पट्टा पाण्याखाली आहे तिथे ती फुटत होती, पांढरी, तिचा आवाज येत होता.

मी तोंड घराकडे केलं आणि जीव खाऊन वल्हवलं. किनाऱ्यावरचं एक सुरूचं झाड नजरेत धरलं होतं. पाच मिनिटं वल्हवल्यावर ते झाड तिथेच. मग मागे जाऊ लागलं.

इथे मी दुसरी चूक केली. दम घ्यायला नांगर टाकला. नांगराची कडी माझ्या उजव्या हाताला, म्हणजे कयाकच्या कमरेला. नांगराने तळ धरला, दोर ताणला आणि कयाक प्रवाहाला आडवी झाली. उजवा काठ खाली ओढला गेला, पाणी चढून मांडीवर आलं. आणखी दोन क्षण गेले असते तर उलटलेच असते, आणि 20 ऑक्टोबरला छातीभर पाण्यात केलेला सराव त्या लाटांत किती कामी आला असता ते सांगवत नाही. चाकू जाकिटाला बांधलेला होता. दोर कापला. कयाक सुटली, सरळ झाली. नांगर गेला.

त्यानंतर डोकं थोडं चाललं. समोरून जाता येत नाही तर आडवं जाता येईल. घराकडे बघणं सोडलं. कयाकचं नाक किंचित वर ठेवून देवबागच्या वाळूच्या टोकाकडे तिरकी वल्हवत गेले. खाली वाहत होतेच, पण दर दहा वल्ह्यांमागे काठ जवळ येत होता. काठाजवळ पाणी उथळ आणि ओढ निम्मी. वल्हं वाळूला लागलं तेव्हा उतरले, कंबरभर पाण्यात. पुढची दोरी खांद्यावर घेऊन काठाकाठाने कयाक ओढत निघाले.

काकांनी साडेअकरालाच दादाला, म्हणजे त्यांच्या मुलाला, फोन केला होता. तो पर्यटकांना उतरवून इंजिनाची होडी घेऊन आला तोवर मी वाळूवर होते. त्याने कयाक मागे बांधली आणि मला पुढे बसवलं. वाटेत एक शब्द बोलला नाही.

काका रात्री जेवणं झाल्यावर बोलले. "पाण्याच्या आंगार जावचा नाय. आडवा मारूचा. ता तुका सुचला, बरा झाला." थोड्या वेळाने म्हणाले, "अकरा म्हणजे अकरा."

22 डिसेंबर, रविवार

पाण्यात गेले नाही. काकांबरोबर वाळूच्या टोकापर्यंत चालत गेले आणि सुकती लागल्यावर दोन तास नुसतं तोंडाकडे बघत बसलो. कुठे पाणी गुळगुळीत पळतं, कुठे उलटं फिरतं, कुठे फुटतं, ते काका काठीने दाखवत होते. खडकाच्या आडोशाला पाणी परत वर येतं, तिथे कयाक विसावू शकते. हे मला दोन महिन्यांपूर्वी बघायला हवं होतं.

नांगराची व्यवस्था बदलली. कयाकच्या बाजूने पुढून मागे दोरीचा फिरता फास बसवला, दोन टोकांना दोन कप्प्या. नांगराचा दोर त्या फासाच्या कडीतून जातो. हाताशी नांगर टाकायचा आणि फास ओढून दोर नाकाकडे किंवा शेपटाकडे सरकवायचा. प्रवाहात कयाकला कमरेत कधीच बांधायचं नाही. दोराला एक रिकामा डबा तरंगायला बांधला. घाई झाली तर दोर सोडून द्यायचा, डबा नांगराची जागा दाखवेल, तो नंतर काढता येईल. शिवाय उधाणाच्या ओढीत नांगर टाकायचाच नाही.

मोबाइल पाण्यापासून जपणाऱ्या पाकिटात, जाकिटाच्या खिशात. क्रेटमध्ये नाही, कारण उलटल्यावर क्रेट आणि मी एकाच बाजूला असू ह्याची खात्री नाही. त्यात दादाचा नंबर, तटरक्षक दलाचा 1554, सागरी पोलिसांचा 1093. निघताना काकीला परतायची वेळ सांगायची, ती ओट्यावरच्या पाटीवर खडूने लिहील.

सगळ्यांत मोठा बदल मात्र दिशेचा. आमच्या घरापासून समुद्र खाली आणि कांदळ वर आहे. भरतीबरोबर वर जायचं, पाणी थांबलेलं असताना गरवायचं आणि सुकतीबरोबर घरी यायचं. परत येताना दमलेली असणार मी, म्हणून तेव्हाचं पाणी घराकडे जाणारं हवं. आणि सुकती फार जोरात लागायच्या आत यायचं, नाहीतर ती घरापुढून नेईल. संगमाकडे कयाक नेणं ह्या हंगामापुरतं बंद.

12 जानेवारी 2025, रविवार

शुद्ध चतुर्दशी, भरती साडेदहाची. उधाण असल्याने फक्त घराच्या वरच्या अंगाला, काठ धरून.

चोणक लागला आणि गेला. रायगडात ज्याला जिताडा म्हणतात तो हा. मुळांशेजारी रबराचा मासा खाली बसू दिला, एकदा उचलला आणि दोरी थांबली. मला वाटलं मूळ धरलं. मग ते मूळ हललं. पाण्याबाहेर अर्धं अंग काढून डोकं झाडलं, तोंड एवढं उघडं की आत रबर दिसलं. कल्ल्याच्या कडेने लीडर घासला आणि तुटला. चोणकाच्या कल्ल्याची कड पात्यासारखी असते. लीडर 30 पौंडी पुरत नाही, पुढच्या वेळी 50.

किती मोठा होता ते सांगणार नाही, कारण मोजला नाही. पण चोणकाबद्दल एक ऐकून ठेवावं. हा मासा आधी नर असतो, आणि वाढून मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे खाडीतला फार मोठा चोणक बहुतेक गाभोळीवालीच. तसा लागला तर मी सोडणार आहे. दादाला हे पटलं नाही. बाजारात चोणकाचा भाव त्याला माहीत आहे, मलाही आहे. त्याचं घर मासळीवर चालतं, माझं नाही, त्यामुळे त्याच्याशी वाद घालायचा हक्क मला नाही.

26 जानेवारी, रविवार

वद्य द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ. सहा वाजता भरतीबरोबर निघाले, अंधारात, डोक्याला दिवा. पाटीवर लिहिलं: साडेदहा.

वर एक लहान व्हाळ (ओढा) कांदळातून खाडीला मिळतो. भरतीला पाणी त्यातून मुळांच्या रानात शिरतं, आणि सुकती लागली की तेच पाणी सुंगटं, बारीक मासे घेऊन बाहेर येतं. मोठा मासा तोंडावर वाट बघत असणार. भरती पूर्ण होईतो मी पलीकडे काळुंदरं गरवली, तीन मिळाली. सव्वानऊला व्हाळाच्या तोंडासमोर, कडेच्या मंद पाण्यात, नाकातून नांगर टाकून बसले. जिवंत सुंगट, शिसं नाही, पाणी नेईल तसं जाऊ दिलं.

पहिली सुंगटं दोन केंडांनी खाल्ली. तिसरं व्हाळाच्या तोंडापासून हातभर गेलं आणि दोरी सरळ मुळांकडे पळाली. रीळ घट्ट केलं. ह्या माशाला एक हात दोरी सैल दिली तर तो मुळांत शिरतो आणि मुळांवरची कालवं दोरी कापतात, हे काकांकडून ऐकलं होतं. डाव्या हाताने नांगराचा दोर सोडला, डबा तरंगत राहिला. आता मासा मला ओढत मुळांकडे नेत होता. रॉड काखेत दाबला, एका हाताने वल्हं उलटं मारलं, एकदा, दोनदा, तीनदा. कयाक मागे आली, मासा तिच्याबरोबर मोकळ्या पाण्यात आला. तिथे आमचं दोघांचं सारखंच बळ होतं. चारेक मिनिटं लागली असतील.

वर आला तो तांब्याच्या भांड्यासारखा लाल. तांबोशी. 48 सेंटिमीटर, काट्यावर एक किलो नऊशे. पाय कयाकच्या दोन्ही बाजूंना पाण्यात सोडून मी तशीच बसले. हात थरथरत होते. ओरडावंसं वाटत होतं पण खंड्या समोर बसला होता, म्हणून नाही ओरडले.

तांबोशीचं बालपण खाडीत, कांदळात जातं आणि मोठी झाली की ती समुद्रातल्या खडकांवर जाते. त्यामुळे वीतभर तांबोश्या सोडायच्याच. वल्ह्याच्या दांड्यावर खुणा करून घेतल्यात, मासा त्याला लावला की माप कळतं. राज्य सरकारने 2023 साली 54 प्रजातींच्या किमान आकाराची यादी काढली आहे, सुरमई 370 मिलिमीटर वगैरे. ती जाळीवाल्यांसाठी असली तरी गरीवाल्यांनीही पाळायला काय हरकत आहे.

डबा शोधून नांगर उचलला. सुकतीने घरी आणलं, मी फक्त दिशा धरली. दहा पंचवीसला उतारावर लागले. काकीने पाटी पुसली.

डोकं कढीत, तुकड्या रव्यात घोळवून. शेजारच्या घरी एक वाटी कढी गेली.

9 फेब्रुवारी, रविवार

आज मासा नाही, एक बारीक शेवटा सोडून. त्यालाही सोडलं.

दुपारी रीळ उघडून गोड्या पाण्याने धुतलं, तेल दिलं. खाऱ्या पाण्यानंतर हे त्याच दिवशी करावं लागतं, दुसऱ्या दिवशी फिरकी खरखरते. कयाकचं बुच काढून पोट वाळवलं, कारागिराचं सांधकाम तपासलं, ठीक आहे. कयाक माडांच्या सावलीत उपडी ठेवली. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं.

चारच्या सुमारास मागच्या दारी आवाज आला म्हणून बघितलं तर काका कयाक सुलटी करत होते. पाग घडी घालून पुढे ठेवला होता. जाकीट घालायला मी हट्ट केला, त्यांनी घातलं, पट्टे मी ओढले. दोन्ही बाजूंना पातं असलेलं वल्हं त्यांना आधी अवघड गेलं, मग चार हात गेल्यावर त्यांनी ते मधे न धरता एका टोकाला धरलं आणि आपल्या होडीसारखं एकाच बाजूने मारू लागले. कयाक सरळ गेली. माझी अजून तशी जात नाही.

पुढचा रविवार 16 फेब्रुवारी, वद्य चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन, म्हणजे सकाळी नऊला पूर्ण सुकती. कयाक काढणार नाही. काकीबरोबर तिसऱ्या काढायला जाणार.